मौन पाळून आवाज परत येत नाही, बुवा

हे पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे ६८ वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. तरुणपणापासून देवळात भजन म्हणतात आणि बरीच वर्षं मुख्य गायक तेच आहेत. गाव त्यांना बुवा म्हणतो. पेटीवरची काळी दोनची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, त्यांनी कधी सोडली नाही. पण गेल्या दोनेक वर्षांत आवाज हळूहळू पातळ झाला. बोलताना शब्दांबरोबर नुसता वारा सुटतो, तिसऱ्या अभंगापर्यंत दम संपतो, तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, गेलं की आवाज फाटतो. गॅस बुक करायला फोन केला तर पलीकडची मुलगी 'मॅडम' म्हणते, ते फार लागतं. गावच्या डॉक्टरांनी 'वय झालं' एवढंच सांगितलं. शाळेत ओरडून ओरडून आपण गळा संपवला, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. उरलेला आवाज श्रावणातल्या सप्ताहासाठी राहावा म्हणून ते घरात दिवसभर मौन पाळतात, अगदीच गरज पडली तर कुजबुजतात, आणि येता-जाता ज्येष्ठमध चघळतात. मुलगा म्हणतो, "पुरे झालं, आता पुतण्याला पुढे बसवा." भजनातली पोरं म्हणतात, "माइक जवळ घ्या." दोन्हींत त्यांना अपमान वाटतो. प्रश्न एका ओळीचा आहे: 'अजून गाऊ, की मानाने बाजूला होऊ?' शेवटी सहज म्हणून आणखी काही लिहिलं आहे: पूर्वी विडी ओढायचे, ती सोडून १५ वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, हल्ली पेज पिताना मधूनच ठसका लागतो, आणि बायकोला आपलं बोलणं ऐकू येत नाही की आपलाच आवाज पोचत नाही, हे कळेनासं झालं आहे.

बुवा, गाव म्हणतो तेच मीही म्हणते.

गाऊ की थांबू, याचं उत्तर देते. पण त्याआधी दोन गोष्टी आजच्या आज बंद करा: मौन आणि ज्येष्ठमध.

ज्येष्ठमधाचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं. अधूनमधून एखादी काडी चघळली तर बिघडत नाही. पण रोज, दिवसभर चघळलं की त्यातल्या एका घटकामुळे रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. घशासाठी म्हणून घेतलेली वस्तू त्या गोळीच्या उलट काम करत असेल तर ती नकोच. शिवाय आपण जे गिळतो ते स्वरतंतूंवरून जातच नाही. ते श्वासाच्या वाटेवर आहेत, अन्नाच्या नव्हे. मध, हळदीचं दूध, काढा, यांनी घशाला बरं वाटतं हे खरं, पण स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती फक्त हवा आणि वाफ.

आता मौन. सर्दी-तापात घसा सुजून आवाज पार बसला, तर दोन-तीन दिवस गप्प राहणं शहाणपणाचं. तुमचं तसं झालेलं नाही. तुमचा आवाज दोन वर्षांत, कळत नकळत उतरला आहे. तुम्ही लिहिलेल्या खुणा वाचून माझ्या मनात पहिला विचार येतो तो असा की स्वरतंतूंचा स्नायू वयाने बारीक झाला असावा. हातापायांच्या स्नायूंना जो नियम तोच त्याला: वापरला नाही की आणखी बारीक होतो. सप्ताहासाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून तुम्ही जे करताय, त्याने तो सप्ताहापर्यंत आणखी खचेल. आणि कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजताना तंतू नीट कंप पावत नाहीत, उलट बरीच माणसं वरचा घसा आवळून धरतात. हळू बोलायचं असेल तर हळू बोला, पण आवाज लावून बोला.

हे पटायला आत काय चाललंय ते थोडं समजून घ्यावं लागेल. पेटी तुमच्या रोजच्या ओळखीची, म्हणून तिचाच आधार घेते. पेटीत भाता हवा देतो, रीड कंप पावते आणि लाकडाच्या पोकळीत नाद भरतो. गळ्यातही तीच कामं फुफ्फुसं, स्वरतंतू आणि घसा-तोंडाची पोकळी यांत वाटलेली आहेत. फरक एवढाच की पेटीतली रीड पितळेची, ठरल्या मापाची. गळ्यातले तंतू जिवंत आहेत आणि प्रत्येक स्वराला आपली लांबी व ताण बदलतात. पुरुषांत ते जेमतेम दोन सेंटिमीटर लांब, बायकांत त्याहून आखूड. वर ओलसर पातळ अस्तर, त्याखाली मऊ थर आणि गाभ्याला स्नायू. तरुण पुरुष साधं बोलतो तेव्हा हे दोन तंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा एकमेकांना भिडून उघडतात, बाईचे २०० च्या आसपास.

वय वाढतं तसा गाभ्याचा स्नायू रोडावतो. वरच्या मऊ थराची लवचिकता जाते. मग तंतूंच्या कडा सरळ राहत नाहीत, मधोमध खचतात, आणि दोन्ही तंतू मिटले तरी मध्ये एक लांबट फट उरते. तुम्हाला बोलताना वारा सुटल्यासारखं वाटतं ते या फटीमुळे. तिसऱ्या अभंगाला दम संपतो त्यातलाही मोठा वाटा तिचाच. तुम्हाला वाटतं छाती कमी पडते. छातीही थोडी पडतेच, कारण बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो आणि पूर्वीएवढी हवा आत-बाहेर होत नाही. पण जी हवा आहे तीच सुराला न लागता फटीतून निघून जाते. तुमच्या वयाचे लोक अशा वेळी आणखी जोर लावतात, मान-खांदे ताणतात, आणि तासाभरात गळा दुखायला लागतो.

'मॅडम'चं कारणही यातच आहे. तंतू बारीक आणि हलके झाले की ते भराभर कंप पावतात, आणि पुरुषाच्या बोलण्याचा स्वर वर सरकतो. बायकांचं पाळी गेल्यावर उलटं होतं: संप्रेरकं बदलतात, तंतूंचं अस्तर जाडसर होतं, स्वर खाली येतो, आणि त्यांना फोनवर 'साहेब' ऐकावं लागतं. तुमच्या वयाच्या किती पुरुषांनी मला ही गोष्ट दार लोटून घेऊन, खाली मान घालून सांगितली आहे! यात कमीपणा वाटावा असं काही नाही. फोन लागला की आधी नाव सांगा, मग काम. एवढ्याने बरेचसे प्रसंग टळतात.

मग बोलण्याचा स्वर वर गेला तर गाताना तार सप्तक का गाठत नाही? वरचा स्वर लावायला तंतू ताणून लांब करावे लागतात. ते ताणले जातात स्वरयंत्राच्या कूर्चा एकमेकींवर कलल्यामुळे. या कूर्चांचं हळूहळू हाड होत जातं, तेही विशी-तिशीपासूनच, आणि पुरुषांत जास्त. सांधे आखडतात. वर ढकलायला हवेचा दाब लागतो, तो फटीमुळे बनत नाही. म्हणून गाण्याचा आवाका वरूनही आखडतो आणि खालूनही. घशाला ओल देणाऱ्या ग्रंथीही आता कमी आणि घट्ट स्राव देतात, म्हणून सारखं खाकरावंसं वाटतं. खाकरू नका, बुवा. प्रत्येक खाकरण्यात तंतू एकमेकांवर जोरात आपटतात. घोटभर पाणी प्या, नाहीतर तोंड मिटून हलकं 'हं' करून गिळून टाका.

आता शाळेचं. वर्गात तीस-चाळीस मुलांपुढे वर्षानुवर्षं मोठ्याने बोलणाऱ्याच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, शिक्षकांना हा त्रास खरोखरच होतो. पण तो बहुधा नोकरीच्या वर्षांत आवाज घोगरा होऊन दिसतो. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आवाज घोगरा न होता पातळ आणि वाऱ्याचा झाला, तर त्याचा ठपका तुमच्या शिकवण्यावर ठेवायला मी तयार नाही. आवाज मोजून दिलेला नसतो आणि वापरून संपत नाही. तुम्ही पोरांना शिकवलंत, त्याची शिक्षा म्हणून हे झालेलं नाही.

इथपर्यंत मी 'वय' गृहीत धरून बोलले. पण वय हे कारण शेवटी, बाकीची कारणं नाहीत हे पाहून झाल्यावर लावायचं असतं. तुमच्या घशात अजून कोणी पाहिलेलंच नाही. १८५४ मध्ये आरशाच्या मदतीने स्वतःचे चालते स्वरतंतू पाहिले ते मॅन्युएल गार्सिया यांनी, आणि ते डॉक्टर नव्हते, गाणं शिकवायचे. त्यांनी पाहायचं ठरवलं म्हणून पुढचं सगळं शास्त्र उभं राहिलं. आज तर ही तपासणी काही मिनिटांची आहे. कान-नाक-घसा डॉक्टर नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालतात, आधी बधिर करणारा फवारा मारतात, आणि तुम्हाला 'ई' म्हणायला सांगतात. पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या दिसतात. श्वास घेताना त्या उघडतात, 'ई' म्हणताना मिटतात, आणि फट असेल तर ती तुम्हाला स्वतःलाही दिसते. काही ठिकाणी लुकलुकत्या प्रकाशात कंप संथ करून दाखवणारं स्ट्रोबोस्कोपीचं यंत्र असतं. सोय असेल तर तेच करून घ्या. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीत जा, किंवा म्हापसा, फोंडा, पणजी, जिथे तुम्हाला सोयीचं तिथल्या ईएनटीकडे. जाताना फोनवर तुमचा तिसरा अभंग रेकॉर्ड करून न्या. ओपीडीत सकाळी दहाला तुमचा आवाज बराच ताजा असणार, आणि डॉक्टरांनी ऐकायला हवा तो थकलेला आवाज.

घाई कशासाठी करते, तेही सांगते. तुम्ही विडी ओढत होता. १५ वर्षं सोडलीत हे उत्तम केलंत, धोका त्याने कमी होतो, पण पूर्ण पुसला जात नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, दारू यांतलं काही ज्याच्या आयुष्यात आहे किंवा होतं, त्याचा आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बदललेला राहिला तर घसा पाहूनच घ्यायचा. यात घरगुती औषधाला जागा नाही. कोणाच्याही बाबतीत आवाज एकाएकी बदलला, थुंकीत रक्त दिसलं, मानेत गाठ लागली, गिळताना दुखलं किंवा कानात कळ गेली, श्वासाला घरघर लागली, थायरॉइडच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर आवाज गेला, तर थांबू नये. दिवसेंदिवस आवाज लहान होत जातो, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलत नाही, असं एकत्र दिसलं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं. पार्किन्सनची सुरुवात कधी कधी आवाजातून होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, दम्याच्या काही पंपांनी आवाज बसतो, सर्दीच्या गोळ्यांनी घसा सुकतो. म्हणून सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा, पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

आणि पेजेचा ठसका. तो तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलात. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. स्वरतंतू आधी श्वासनलिकेचे राखणदार आहेत, गाणं नंतर. आपण गिळतो तेव्हा ते घट्ट मिटतात म्हणून अन्न फुफ्फुसात जात नाही. ते नीट मिटत नसतील तर पेज, पाणी, सोलकढी असे पातळ पदार्थ आधी चुकीच्या वाटेला जातात. ओपीडीत हे पहिल्यांदा सांगा, आवाजाच्याही आधी. तोवर ताठ बसून, लहान घोटांनी प्या, घोट तोंडात असताना बोलू नका, आणि पेज थोडी घट्ट ठेवा. जेवणानंतर आवाज ओलसर, गुळगुळ वाटू लागला किंवा वारंवार ताप-खोकला येऊ लागला, तर तपासणी पुढे ढकलू नका.

समजा, दुर्बिणीत फट आणि बारीक झालेले तंतू एवढंच निघालं. मग पुढची वाट चांगली आहे. डॉक्टरांकडून स्पीच थेरपिस्टचं नाव घ्या. हा इलाज फक्त बोबड्या मुलांसाठी असतो, असं आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं. वयाने उतरलेल्या आवाजाचा पहिला इलाज हाच आहे, आणि नेमाने केला तर सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो. सप्ताहाला तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत, पण या आठवड्यात सुरू केलंत तरच.

घरी करण्यासारखं सांगते, मात्र दुर्बीण झाल्यावरच सुरू करा. पेल्यात पाणी घ्या, त्यात नळीचं टोक पेराएवढं बुडवा आणि नळीतून 'ऊ' म्हणा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत, धडधडून नव्हे. पाण्याचा थोडा उलटा दाब तंतूंना सांभाळून घेतो, ते कमी आपटतात आणि कंप नीट पकडतात. चारदोन मिनिटं हे झालं की त्याच नळीतून 'ऊ' खालून वर, मग वरून खाली, मींड घेतो तसा सरकवा. मध्ये जिथे आवाज तुटतो तिथे जोर लावू नका, त्या जागेवरून रोज हळूच जात राहा. मग नळी ठेवून द्या आणि खालच्या सोयीच्या पट्टीत सा, रे, ग, म, प, एकेक स्वर एका श्वासात, मृदू पण स्पष्ट, जमेल तितका लांब धरा. घड्याळ समोर ठेवा. आज एखादा स्वर दहा सेकंदांच्या आत संपत असेल तर तो आकडा लिहून ठेवा आणि थेरपिस्टला दाखवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. हे सगळं सकाळी आणि संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटं. पहाटेचा खर्ज तुम्ही तरुणपणी केला असेल, तोच हा रियाज, फक्त लहान आणि रोजचा. वरच्या स्वरांच्या मागे या दिवसांत लागू नका.

यानंतरची पायरी जोराची आहे, आणि लोक तिथेच घाबरतात. वयस्कर गळ्याला नुसतं मृदू ठेवून भागत नाही, त्याला काम द्यावं लागतं. अंगणाच्या टोकाला उभ्या माणसाला हाक मारतो तेवढ्या आवाजात 'आ' धरायचा, रोजची पाच-दहा वाक्यं म्हणायची. पण ते मान आवळून नव्हे, पोटातून श्वास सोडत. हे थेरपिस्टसमोर शिकून घ्या. तुम्हाला रक्तदाब आहे, श्वास कोंडून कुंथायचं नाही, आणि चक्कर आली किंवा छातीत भरून आलं तर लगेच थांबायचं. मौनाच्या जागी मी तुम्हाला एक काम देते: रोज सकाळी वर्तमानपत्रातला अग्रलेख बायकोला मोठ्याने वाचून दाखवा, वर्गात वाचायचात तसा, स्वल्पविरामाला थांबून. आणि दोघांनीही कान तपासून घ्या. आपल्याला कमी ऐकू येत असेल तर आपण आवाजाचा अंदाज चुकवतो, आणि समोरच्याला कमी येत असेल तर आपण दिवसभर ओरडून थकतो. कुठलं खरं, ते कानांच्या तपासणीत कळेल.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर. चवथीच्या दिवसांत घरोघरी भजनं होतात, रात्री बारा वाजता गरम भजी आणि चहा होतो, आणि माणूस लगेच आडवा होतो. पोटातलं आम्ल वर येऊन तंतूंना जाळतं ते अशा रात्रींत. भजनाआधी हलकं खा, नंतर नुसतं प्रसादापुरतं. जेवण आणि झोपणं यांत तीनेक तास राहू द्या.

व्यायाम करूनही फट फार मोठी राहिली तर डॉक्टर इंजेक्शनने तंतूंत भर घालू शकतात. त्यातला एक पदार्थ हायलुरॉनिक ॲसिड, त्याचा परिणाम काही महिने टिकतो. त्याहून टिकाऊ हवं तर बाहेरून छोटं ऑपरेशन करून तंतू मध्याकडे सरकवता येतो. जपानचे डॉक्टर इशिकी यांनी ही पद्धत १९७० च्या दशकात मांडली. तुम्हाला त्याची गरज पडेल असं पत्रावरून वाटत नाही, पण ठसका वाढला तर हा विचार करावा लागतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही दोनच दारं पाहताय: एकतर काळी दोनवर पूर्वीसारखं पुढे बसायचं, नाहीतर उठून जायचं. मधलं एवढं अंगण तुम्ही का सोडलंत?

पट्टी आधी उतरवा. काळी दोनवरून काळी एक म्हणजे फक्त दोन पडदे, पण तुमच्या तार षड्जाला (वरच्या 'सा'ला) तेवढाच श्वास मिळतो. तेवढ्यानेही नाही भागलं तर पांढरी एक. पेटीवाल्याला यात काही अवघड नाही. तबलजीला मात्र आधी सांगा, त्याला दायाँ बदलावा लागेल किंवा उतरवून घ्यावा लागेल, आणि ऐनवेळी सांगितलंत तर तो चिडेल, आणि बरोबरच चिडेल. पट्टी पुरुषार्थाची खूण नाही. ती गळ्याच्या मापाची असते, आणि तुमचं माप बदललं आहे.

माइकही घ्या. देवळाच्या सभामंडपात पखवाज आणि डझनभर झांजांवर एकट्याचा गळा चढवायचा ही मेहनत तुम्ही आजवर केलीत, आता करू नका. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, एक छोटा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून ठेवायला सांगा. स्वतःचा आवाज ऐकू आला की माणूस ओरडत नाही. आणि तुमची एकट्याची ओळ चालू असते तेव्हा झांजा हलक्या ठेवायच्या, हे पोरांना बुवा म्हणून तुम्हीच बजावू शकता. त्यांनी माइक पुढे केला तो तुमचे शब्द ऐकू यावेत म्हणून, असंच मी मानते.

वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन अखंड चालतं. ते चालतं कारण एक मंडळी उठते आणि दुसरी बसते. कोणी त्याला माघार म्हणत नाही. तुमच्या देवळातही एका बैठकीचे वाटे पाडता येतात. सुरुवातीचा जयघोष आणि रूपाचा अभंग तुमचा, संथ, खालच्या पट्टीत. गळा तेव्हा ताजा असतो. मधली चढी गवळण आणि गजर पुतण्याचा. त्याच्या वेळी तुम्ही टाळ घेऊन शेजारी बसा, ध्रुवपद कोरसात म्हणा. शेवटची भैरवी त्या दिवशी गळ्यात जे असेल त्यावर ठरवा.

आणि पुढे केव्हातरी पूर्ण थांबावंसं वाटलंच, तर तेही ताठ मानेने करता येतं. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर १८९२ च्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जाहीर गाणं थांबवलं, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४ ते २००१) उतारवयातही शिकवत राहिल्या. तुमच्या गळ्यात तुमच्या भागातल्या जुन्या चाली आहेत, ज्या पुतण्याने कुठेच ऐकलेल्या नसतील. त्या शिकवायला तार सप्तक लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याला पेटी घेऊन बोलवा आणि एकेक चाल फोनवर रेकॉर्ड करत जा. तुमच्या गळ्यालाही तेवढाच व्यायाम.

महिला भजनी मंडळातल्या आणि धालो गाणाऱ्या बायका हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगते: तुमचा स्वर खाली आला असेल तर पूर्वीच्या 'काळी चार' पट्टीच्या हट्टाने गळा ताणू नका, मंडळाची पट्टी सगळ्यांत वयस्कर मुख्य गायिकेच्या मापाने ठरवा. आवाज घोगरा झाला तर थायरॉइड तपासून घ्या. तो मंदावला तरी आवाज जड होतो. बाकी व्यायाम तेच.

बुवा, हे उत्तर मुलाला वाचायला द्या. तो 'पुरे झालं' म्हणतो, त्यात तिसऱ्या अभंगाला तुमची होणारी ओढाताण त्याला बघवत नसावी, असं मला वाटतं. त्याला सांगा की बाबांशी बोलताना टीव्ही बंद ठेव, समोर येऊन बोल, त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. आणि बांबोळीला नेण्यासाठी याच आठवड्यातली एक सकाळ मोकळी काढ, ओपीडीत नंबर लवकर लावावा लागतो.